सिस्टरचा सात कॉटांचा वॉर्ड

कॉट नंबर चारला आज सकाळी पान फुटलं. एकच, केसाळ, खरखरीत, उंदराच्या कानाएवढं. बाकीची सहा रोपं आठ दिवसांपूर्वीच वर आली होती, हे चार नंबरचं तेवढं हटून बसलं होतं. मी सलाईनच्या नळीची चावी अर्धा आटा आवळली, थेंब मोजले, आणि आत जाऊन पाहुण्यांचे पोहे फोडणीला टाकले.

नागावला समुद्रापासून दोन वाड्या आत आमचं होमस्टे आहे. येणारे पाहुणे कुंपणाजवळ बांबूला टांगलेल्या सलाईनच्या बाटल्या बघतात आणि फोटो काढतात. "काकू, झाडांना सलाईन?" मी सांगते, "आजारी आहेत ती." एवढ्यावर सुटका होते. खरं सांगायला बसले तर त्यांची बनाना राइड चुकेल आणि माझा दिवस जाईल. पण आज पान फुटलं, तेव्हा एकदा सांगूनच टाकते.

आमच्या शेजारच्या वाडीत सिस्टर राहायच्या. सुहासिनी हे त्यांचं नाव मला पहिल्यांदा त्यांच्या निवृत्तीच्या पत्रिकेवर वाचून कळलं. गावाच्या उपकेंद्रात नर्स म्हणून आल्या त्या इथल्याच होऊन गेल्या. नवरा लवकर गेला, एक मुलगा, अभय. उंच, सडसडीत, निळ्या काठाची पांढरी साडी, आणि खांद्यापाशी पिनेला उलटं टांगलेलं घड्याळ. निवृत्त झाल्यावरही ते घड्याळ गेलं नाही. बाजारात कोलंबी घेतानाही त्या आधी घड्याळ बघायच्या, मग कोलंबी. आमची कोळीण हिराबाई म्हणायची, "शिस्टर, म्हावऱ्याची नारी बगताय काय?" त्यावर सिस्टर गंभीरपणे, "बघितली नाडी. हिला जाऊन दोन दिवस झाले. दुसरी दाखव."

माझी दोन्ही बाळंतपणं त्यांच्याच हातची. थोरली झाली तेव्हा रडेना. निळी पडलेली, गप्प. सासूबाईंनी तोंडात पदर कोंबून हुंदका काढला, तशा सिस्टर मान न वळवता म्हणाल्या, "मी वेळ लिहिली का? मी वेळ लिहीपर्यंत कुणी गेलेलं नसतं." आणि पोरीचे पाय धरून तळव्यावर अशी चापट दिली की तिनं टाहोच फोडला. ती पोरगी आता ठाण्याला नोकरी करते आणि अजून माझ्याशी त्याच आवाजात बोलते. तर सांगायचं म्हणजे, हे वाक्य सिस्टरचं ठरलेलं होतं. मी वेळ लिहीपर्यंत कुणी गेलेलं नसतं. आख्ख्या गावाला पाठ होतं.

अभय जहाजावर नोकरीला होता. शेवटच्या सुट्टीत आला तेव्हा त्यानं कुठल्याशा परदेशी बंदरावरून बियांचं एक पाकीट आणलं होतं. कोनफ्लॉवर. पाकिटावरच्या चित्रात गुलाबी-जांभळ्या पाकळ्या खाली झुकलेल्या, आणि मधे तांबूस, काटेरी, फुगीर बोंड. "आई, तिकडे बर्फाखाली चार महिने गाडलेलं असतं हे, आणि तरी उठतं," तो म्हणाला. बियांना थंडी लागते म्हणून ओल्या वाळूत घालून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवायच्या, असं त्यानं वाचलं होतं. सिस्टरच्या घरच्या फ्रिजमध्ये जुना लसींचा डबा होता, त्यात त्या ठेवल्या. मग त्यानं स्वतःच्या हातानं पेरल्या. सात रुजल्या. तो बोटीवर परत गेला.

आठ महिन्यांनी कंपनीचं पत्र आलं. सकाळच्या हजेरीला अभय नव्हता. समुद्र शांत होता, वादळ नाही, भांडण नाही, केबिनमध्ये चहाचा कप अर्धा. दोन दिवस शोधलं, मिळाला नाही.

आम्ही सगळ्या बायका जमलो. सिस्टरनी पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, "वेळ कुठं आहे यात?" त्यांनी पत्र उलटून मागची बाजू बघितली. "कुणी बघितलं? नाही ना? मग गेला कशावरून?" पत्राची घडी घालून त्या उठल्या आणि बाहेर जाऊन रोपांपाशी बसल्या. त्या दिवसापासून तो वॉर्ड सुरू झाला.

आमच्या वाडीतली माती काळी, जाड, नारळ-पोफळीला पोसणारी. त्या मातीत हे झाड गुदमरतं. सिस्टरनी आमच्या दोघींमधल्या पत्र्याच्या कुंपणालगतचा उंचवटा निवडला, तिथली माती उपसून विटांचा चुरा आणि गोड्या पाण्यातली वाळू मिसळली. खत शून्य. मी एकदा घमेलंभर शेणखत घेऊन गेले तर मला फाटकातच अडवलं. "ऑपरेशनच्या पेशंटला बिर्याणी घालतेस का?" पाणी सलाईनच्या नळीनं, मिनिटाला चाळीस थेंब, तेही फक्त उन्हाळ्यात. पावसाळ्यात वर तिरका पत्रा, कारण याला आमच्याकडची थंडी बाधत नाही, ओल बाधते. रोपाला रोप म्हणायचं नाही, कॉट म्हणायचं. प्रत्येक कॉटचा केसपेपर. सकाळ-संध्याकाळ राउंड. जाणकार कुणी सांगायचे की चार वर्षांनी याचे गड्डे काढून भाग करावेत. "ऑपरेशन नको," सिस्टर म्हणायच्या. "मुळाला हात लावून बघायचं नाही. झोपलेल्याला उठवू नये."

पहिल्या पावसाळ्यात सगळं वरचं काळं पडलं. पानं गळाली, नुसते सात काटक्यांचे दांडे. हिराबाई टोपली उतरवून बघत राहिली आणि म्हणाली, "मेलं गं बाय ह्ये. एक पन जित्ता न्हाय."

"मी वेळ लिहिली?" सिस्टर म्हणाल्या.

मार्गशीर्षात सातही उठली. वैशाखात फुलली. खरं सांगते, ती फुलं मला कधी सुंदर वाटली नाहीत. पाकळ्या मागं पडलेल्या आणि मधलं ते बोंड डोळे वटारून बघतंय असं वाटायचं. पाकळ्या गेल्यावरही सिस्टर बोंडं कापायच्या नाहीत, मुनिया पक्षी येऊन बी टिपायचे. मग ती सुकलेली काटेरी बोंडं वाऱ्यानं हलायची आणि आमच्या पत्र्यावर घासायची. खर्र. खर्र. मधे थांबून पुन्हा खर्र.

एकदा तिन्हीसांजेला मी दोरीवरचे कपडे काढत होते. पत्र्यापलीकडे सिस्टरचा राउंड चालला होता. "एक नंबर, ठीक. दोन नंबर, ठीक. चार नंबर, जरा मागं आहेस, हरकत नाही." सात झाले. मग त्या म्हणाल्या, "आणि तू? जेवलास?" आणि थांबल्या. अगदी समोरचा माणूस बोलत असताना आपण थांबतो ना, तेवढ्याच. मग म्हणाल्या, "बरं." माझ्या हातातले चिमटे खाली पडले. वारा नव्हता, नारळाची झावळी हलत नव्हती, आणि पत्र्यावर एकदाच झालं, खर्र.

मी घाबरट नाही हो. होमस्टे चालवते, दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्या ग्रुपला मी एकटी गप्प बसवते. पण त्या दिवसापासून मी कपडे पुढल्या अंगणात वाळत घालायला लागले. हिराबाईनंही मला बजावलं, "बाय, त्या पत्र्याकडं दुपारचं जाऊ नको. तितं कोन तरी उबा ऱ्हातो." पुण्याचं एक कुटुंब आलं होतं, त्यातल्या आजोबांनी भर दुपारी येऊन तक्रार केली की कुंपणाला कुणी नखं घासतंय, झोप लागत नाही. मी त्यांना खोली बदलून दिली आणि मांजर म्हणून सांगितलं. आमच्याकडे मांजर नाही.

बारा वर्षं झाली तेव्हा पेणहून सिस्टरचे दीर आले, विनायकराव. भला माणूस. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघतात, मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. डोक्याच्या जागी नारळ. त्याशिवाय त्याचे दिवस होत नाहीत, श्राद्ध होत नाही. ओट्यावर बसून विनायकराव म्हणाले, "वहिनी, त्याला ना इकडचं पाणी, ना तिकडचं. असा किती दिवस उभा ठेवायचा त्याला?" बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले.

सिस्टरनी त्यांना चहा दिला. म्हणाल्या, "भाऊजी, त्यानं स्वतःच्या हातानं लावलेली सात आहेत. त्यातलं एक जरी उठलं तरी विधी नाही. सातही गेली तर मी आपण होऊन तिथी विचारीन. शैला साक्षीला आहे."

मी साक्षीला होते. मला नीट ठाऊक होतं त्या सात काटक्यांवर काय टांगलेलं आहे.

त्याच वर्षी पाऊस संपता संपता सिस्टर मोरीत पडल्या, खुबा मोडला. पनवेलला ऑपरेशन, पुढे पाच आठवडे तिथंच भाचीकडे. गाडीत बसताना माझा हात धरून म्हणाल्या, "शैले, वॉर्ड तुझ्यावर. वरचा पत्रा काढ, ऊन लागू दे. बाकी काही करायचं नाही. काहीही नाही."

काही करायचं नाही! वाडीत जन्म गेलेल्या बाईला हे सांगून भागतं? आमच्याकडे सकाळी पंप चालू झाला की पाटाचं पाणी आळ्या-आळ्यांतून फिरतं, एखादं झाड कोरडं राहिलं तर सासूबाई जेवायच्या नाहीत. तहानेलं झाड बघून पुढं जाणं म्हणजे आमच्यात पाप. आणि ऑक्टोबरचं ते ऊन. आभाळात चिंधीभर ढग नाही. त्या सात काटक्या भेगाळलेल्या वाळूत उभ्या. पहिले चार दिवस मी मन घट्ट केलं. पाचव्या दिवशी वाटलं, ही माझ्या हातून मेली तर? सिस्टर परत येऊन काय बघतील? मी पाटाचं एक ढेकूळ पायानं बाजूला केलं आणि पाणी कुंपणाच्या पत्र्याखालून तिकडे वळवलं. गार मातीचा वास आला, मलाच बरं वाटलं. मग रोजच वळवलं. दसऱ्यानंतर दोन घमेली शेणखतही घातलं. प्रेमानं घातलं, देवाशपथ.

सिस्टर काठी टेकत परत आल्या त्या सरळ कुंपणाशी. वाकता येत नव्हतं म्हणून खुर्ची मागवली, आणि खुर्चीत बसून नाकानंच कळलं त्यांना. मलाही आला तो वास तेव्हाच. पाच आठवडे मला कसा आला नाही कुणास ठाऊक. "एक नंबर काढ," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत मुळाला हात लावू न देणारी बाई! मी दांडा धरला तर तो ओढावाही लागला नाही, हातात आला. खाली काळा, बुळबुळीत गड्डा. दोन, तीन, सातही तशीच. त्यांनी वर्तमानपत्र अंथरायला लावलं आणि मला ती ओळीनं, नंबरानं ठेवायला सांगितली. मग पिशवीतून सात केसपेपर काढले, खांद्यावरचं घड्याळ उचलून बघितलं, आणि प्रत्येकावर लिहिलं. अकरा पन्नास. अकरा पन्नास. अकरा पन्नास. सात वेळा.

"पाणी कुणी दिलं?" त्यांनी विचारलं.

"परतीचा पाऊस झाला ना, सिस्टर, मधे," मी म्हटलं. "खूप झाला."

हे माझ्या तोंडून आलं. मी स्वतः ऐकलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आजूबाजूच्या धूळ बसलेल्या जास्वंदीकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "अस्सं." मग विनायकरावांना फोन लावला. "भाऊजी, तिथी बघा."

तेव्हाच मी बोलायला हवं होतं. मीच पाणी घातलं, झाडं आपल्या मरणानं मेली नाहीत, विधी करू नका, एवढंच. तीन आठवडे मी रोज ठरवत होते आणि रोज पोहे करत होते. आणि त्या तीन आठवड्यांत, कुंपणाला एकही दांडा नसताना, दुपारी बारा-साडेबाराच्या सुमाराला पत्र्यावर घासल्याचा आवाज येत होता. पूर्वीपेक्षा जास्त. आमच्या बाजूनं.

विधी किनाऱ्यावर, काळ्या खडकांच्या खडपाजवळ, सकाळी. भटजी म्हणाले, बायका येत नाहीत. सिस्टर म्हणाल्या, "मी बाई म्हणून नाही येत. ड्यूटीवर येतेय." त्यांच्यासाठी वाळूत खुर्ची टाकली होती, काठीच्या बाजूला मी होते. वाळूवर दर्भाचा तो पुतळा निजवला होता. हात, पाय, नारळाचं डोकं. वर अभयचा निळा शर्ट. विनायकरावांनी हातात पेटता दर्भ घेतला, तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "थांबा."

त्या खुर्चीतून पुढं वाकल्या, खुब्याचं दुखणं चेहऱ्यावर दिसत होतं, आणि शर्टाच्या बाहीतून बाहेर आलेला दर्भाचा हात त्यांनी हातात घेतला. तीन बोटं मनगटावर. दुसऱ्या हातानं घड्याळ वर केलं. आणि नाडी मोजायला लागल्या. ओठ हलत होते. भटजी थांबले, विनायकराव थांबले, जाळं ओढणारी चार माणसं होती तीही उभी राहिली. पुरा एक मिनिट. मिनिट केवढं मोठं असतं ते मला त्या दिवशी कळलं. मग त्यांनी तो हात हळूच शर्टावर ठेवला, बाही नीट केली, आणि म्हणाल्या, "नऊ सत्तेचाळीस. करा सुरू."

त्या दुपारी पत्रा गप्प होता. नंतरही गप्पच राहिला.

तीन महिन्यांनी सिस्टरनी घर बंद केलं आणि तळा गावी धाकट्या बहिणीकडे राहायला गेल्या. आता वर्ष होत आलं. त्यांनी दिलेलं बी मी यंदा पेरलं, चुरा-वाळू घालून, त्याच उंचवट्यावर, पण पत्र्याच्या माझ्या बाजूनं. सात रुजली. रोपं अजून बोटभरही नाहीत. दांडे नाहीत, बोंडं नाहीत. आणि गेल्या मंगळवारपासून तिन्हीसांजेला पत्र्यावर पुन्हा सुरू झालंय. खर्र. काल माझ्यानं राहवलं नाही. थेंब मोजून झाले, सात नंबर झाले, आणि मी विचारलं, "जेवलास?" आणि थांबले.

विचारायला नको होतं. सिस्टरनी जाताना काय सांगितलं ते मला पाठ आहे.

एसटी स्टॉपला मी त्यांना पोचवायला गेले होते. दोन बॅगा, काठी, आणि पर्समध्ये इंजेक्शनची रिकामी बाटली, तिच्यात बी. खिडकीशी बसल्यावर त्यांनी ती बाटली माझ्या हातात दिली. "महिनाभर फ्रिजमध्ये. मग पेर." मग पर्सची चेन लावत म्हणाल्या, "किनाऱ्यावर त्या दिवशी नाडी लागली होती, शैले."

"कुणाची?"

"बहात्तर. एक ठोका इकडचा तिकडे नाही."

"मग वेळ का लिहिलीत?"

"बारा वर्षं," त्या म्हणाल्या. "रोज दोन राउंड. जगाला सांगत होते झोपलेल्याला उठवू नये, आणि त्याला मी एक दिवस झोपू दिलं नाही. उभाच होता बिचारा." त्यांचा आवाज पहिल्यांदाच फुटलेला ऐकला मी. "कुणीतरी ती सात घालवायलाच हवी होती. माझ्या हातून झालं नसतं."

मी काही बोलायच्या आत खिडकीतून त्यांचा हात आला आणि माझं मनगट धरलं. तीन बोटं. घड्याळ वर केलं. ड्रायव्हरनं गाडी चालू केली तरी त्यांनी सोडलं नाही, पुरतं मोजलं.

"एकशे बारा," त्या म्हणाल्या. "पाणी बेतानं घाल. आणि या खेपेला परतीच्या पावसावर ढकलू नकोस."

मी "चुकलं" म्हणायला तोंड उघडलं, तोवर कंडक्टरनं डबल बेल दिली होती. गाडी हलली. खिडकीत सिस्टर खांद्यावरची पिन नीट लावत होत्या, मान खाली घालून, आणि मी मनगट धरून तिथंच उभी होते.